ग्रीस, करामा, दुसरा मजला

"ज्या गावाला मी कधी गेले नाही, त्या गावात मी कधी चुकलेही नाही," नूरजहाँ आपा एकदा म्हणाली होती.

म्हणताना ती हसली होती. आम्हीही हसलो होतो. ऑफिसात कुणी काही बरं बोललं की हसायचं, एवढंच आम्हाला येत होतं. आज ते हसणं आठवलं की तोंडाला गंजाची चव येते.

दुबईत, करामातल्या एका जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली वडापाव-मिसळीचं हॉटेल आणि एक शिंपी. वर आम्ही, लोकांच्या सुट्ट्या बेतून, कापून, शिवून देणारे. दारावर पाटी, 'शृंगारपुरे हॉलिडेज'. आत भिंतभर ग्रीस. पांढरी घरं, निळे घुमट, पायऱ्यांवर झोपलेली मांजरं आणि एक समुद्र, इतका निळा की त्याच्याकडे बघून घशाला कोरड पडावी. बाहेर पंचेचाळीस डिग्री. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय. आणि त्या निळ्याखाली, डोक्यावरून दुपट्टा घेतलेली, कानाला हेडफोन लावलेली पन्नाशीची एक बाई सतरा वर्षं बसलेली.

मी तिच्या समोरच्या टेबलावर विमानाची तिकिटं काढत असे. तेव्हा सांगतो आहे त्यातलं बरंचसं पाहिलेलं आहे, काही तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

नूरजहाँ परकार दाभोळची. वाशिष्ठी जिथं समुद्राला मिळते तिथली. एके काळी त्या बंदरात अरबस्तानातून घोडे उतरत. आता धोपाव्याला जाणारी फेरीबोट आणि मासळीचे मचवे. बाप मचव्यावर तांडेल होता. लग्न होऊन ती दुबईला आली, नवरा हारुन टगबोटीवर कामाला. मुलगी यम्ना शाळेत जायला लागली तेव्हा, २००८ साली, घरात बसून कंटाळते म्हणून ती आमच्या ऑफिसात फोन घ्यायला आली. 'युरोप'चा फोन तिच्या टेबलावर ठेवला गेला, कारण ते टेबल रिकामं होतं. ग्रीस तिच्या वाट्याला असं आलं.

तिची कामाची एक रीत होती. ग्रीसहून परत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती चहाला बोलवायची. लोक मोबाइल काढून फोटो दाखवू लागले की ती हातानं मोबाइल खाली करायची.

"फोटो नकोत. फोटो भिंतीवर आहेत. मला पायांनी सांगा."

"म्हणजे?"

"बोटीतून उतरलात. पहिला पाय कशावर पडला? सिमेंट की दगड?"

माणूस आधी गोंधळायचा. मग डोळे मिटायचा. मग बोलायला लागायचा. दगड होता. मग डावीकडे आइस्क्रीमचं दुकान. मग चढ. चढावर बायकोशी भांडण झालं. आपा विचारायची, भांडण कितव्या पायरीवर झालं? तिथं सावली होती का? अशा शेकडो माणसांच्या शेकडो पायांनी आपा ती बेटं, ती बंदरं चालली. नाफ्प्लियोत बसस्टँडपासून चौकाकडे जाताना दुपारी चारपर्यंत सावली कुठल्या बाजूला पडते, हान्याच्या जुन्या बंदरातले कुठले दगड संध्याकाळी ओले असतात, सांतोरिनीत कुठल्या हॉटेलच्या पायऱ्या जाहिरातीत ऐंशी आणि प्रत्यक्षात एकशे बारा आहेत, हे तिला ठाऊक होतं. तिनं कधी काही लिहून ठेवलं नाही. सगळं डोक्यात. तिथं वाट चुकलेली माणसं हॉटेलला फोन करण्याआधी करामाला फोन करायची.

तिला एकदा जायचं होतं. एवढंच. सतरा वर्षांत तिनं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

हान्याच्या बंदरात पाण्याला अगदी लागून एक जुनी मशीद आहे. तिथं आता नमाज होत नाही, चित्रांची प्रदर्शनं भरतात. दाभोळलाही धक्क्याजवळ जुनी दगडी मशीद आहे. "तिथं उभं राहून वास घ्यायचाय," आपा म्हणायची. "वास कुणालाच सांगता येत नाही रे. कितीजणांना विचारलं. कुणी म्हणतं खारट, कुणी म्हणतं कॉफीसारखा. खारट काय खारट? मी समुद्रावरची आहे. चिखलाचा वास वेगळा, शेवाळाचा वेगळा, बोटीच्या तेलाचा वेगळा. आणि एकदा बघायचंय, इतकी वर्षं मी लोकांना खरंच सांगत आले की थापा मारत आले."

आता संजय शृंगारपुरेबद्दल. ऑफिस त्याचं. माणूस गोड. गोड माणसांचा मला आता राग येतो, सरसकट येतो, त्याला माझा इलाज नाही.

२०१३ साली हारुन टगबोटीवरच छातीत कळ येऊन गेला. नवरा गेला की नवऱ्याच्या व्हिसावर राहणारी बाई या देशात उभी राहायला जागा शोधते, तीही मोजक्या दिवसांत. संजयनं मयतीला गाडी पाठवली. दवाखान्याचे, वकिलातीचे कागद त्यानं धावपळ करून केले. आणि व्हिसाही दिला. म्हणजे स्वतःच्या कंपनीचा नाही. आमच्या कंपनीत तेव्हा व्हिसाची जागा शिल्लक नव्हती म्हणे. त्याची बायको कुंदा, तिच्या भावाची अल क्वोजमध्ये साफसफाईची कंपनी होती. माणसं पुरवायची, मॉल पुसायचे, टॉवरच्या काचा धुवायच्या. तिथं एक जागा रिकामी होती. आपाच्या कागदावर हुद्दा पडला, सफाई कामगार.

"नुसता कागद आहे, आपा," संजय म्हणाला. "तुम्ही माझ्या मोठ्या बहिणीसारख्या. कामाला इथंच यायचं. पुढच्या रिन्युअलला आपल्या कंपनीवर घेऊ, प्रॉपर हुद्दा टाकू."

पुढचं रिन्युअल आलं. त्याच्या पुढचं आलं. "इन्शाल्ला, आपा," संजय म्हणायचा. तो शब्द त्यानं इथंच उचलला होता आणि तो फार सफाईनं वापरायचा. आपा खरोखर देवावर विश्वास ठेवणारी. तिच्या कानाला तो शब्द ऐकून बरंच वाटायचं.

नुसता कागद. पहाटे मुहैस्नाहच्या मजूर-वस्तीतून बसमध्ये कोंबून आणलेली पोरं ज्या कागदावर जगतात, त्याच कागदावर ग्रीसची ही जाणकार बाई जगत होती. फरक एवढाच की त्या पोरांना कुणी 'मोठी बहीण' म्हणत नव्हतं. ती पोरं निदान त्या एका शब्दापासून तरी वाचली होती.

गेल्या वर्षी जानेवारीत मराठी मंडळींचं हळदीकुंकू-तिळगूळ होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. संजयनं माइक हातात घेतला. "येत्या जुलैत आपला स्पेशल ग्रुप. ग्रीसची बेटं आणि जुनी बंदरं. आणि बरोबर टूर मॅनेजर म्हणून खुद्द आपल्या नूरजहाँ आपा!"

टाळ्या पडल्या. आपा उठून उभी राहिली, काय करावं ते न सुचून तिनं सगळ्यांना सलाम केला. आठवड्याभरात बावीस जणांनी नावं दिली. करामात घरगुती डबे पुरवणाऱ्या मनोरमा काकू, वय सहासष्ट, त्या तर ऑफिसात येऊन संजयला सांगून गेल्या, "नूरजहाँ येणार असेल तरच मी. माझे गुडघे तिला माहीत आहेत. तुझ्या त्या टाय लावलेल्या पोरांना माहीत नाहीत."

आपानं काकूंचा हात धरला. "येणार, काकू. शब्द."

आता व्हिसा. ग्रीसच्या व्हिसाला नोकरीचं पत्र लागतं आणि पत्रातला हुद्दा इथल्या रहिवासाच्या कागदातल्या हुद्द्याशी जुळावा लागतो. नाही जुळला तर संशय. हे आपाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा नियमच होता, "कागद डोळ्यांनी बघायचा. कानांनी नाही." त्या बावीस फायली तिनं स्वतः केल्या. एका बँकेतल्या माणसाच्या पत्रात 'मॅनेजर' होतं आणि कार्डावर 'ऑफिसर', तर तिनं त्याला तीन वेळा बँकेत परत पाठवलं. तो चिडला. "आपा, इतकं कोण बघतं?" ती म्हणाली, "जो नाही म्हणणार असतो, तो बघतो."

आणि तिची स्वतःची फाईल?

"तुमची मी करतो, आपा," संजय म्हणाला. "एवढा मान भावाला द्या. तुमचा हुद्दा बदलायला मी फहदकडे दिलंय सगळं. आपल्या कंपनीवर, 'युरोप मॅनेजर'. सिस्टिममध्ये झालंय, कार्ड काय, छापून येईल मागाहून."

फहद म्हणजे आमचा मंदूब. सरकारी ऑफिसांतले व्हिसाचे, परवान्यांचे कागद तो फिरवायचा.

आपानं कागद बघायला मागितला नाही.

मी नंतर विचारलं होतं तिला, का नाही मागितला म्हणून. दुसऱ्यांचे कागद उजेडात धरून बघणारी बाई, स्वतःचा कानांनी कसा काय बघितलास? ती म्हणाली, "ज्यानं हारुनच्या मयतीला गाडी पाठवली, त्याला कुठल्या तोंडानं म्हणू की कागद दाखव?"

हे आपल्यालाच सुचतं. दुसऱ्या कुठल्या देशातला माणूस हे करणार नाही. उपकाराचा कागद आपण कधी उघडून बघत नाही. तो उघडणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. तो बंदच उशाखाली ठेवून माणसं दहा-बारा वर्षं निवांत झोपतात, आणि देणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

मे महिन्यात सगळा ग्रुप बोटांचे ठसे द्यायला व्हिसा सेंटरला गेला. मीही मदतीला होतो. सकाळी निघताना संजयनं आपाच्या हातात तिची फाईल दिली, पाकिटात, गम लावून. आपानं एकेकाला नंबराप्रमाणे काउंटरवर नेलं, लहान पोरांना पाणी दिलं, काकूंना खुर्ची मिळवून दिली. शेवटी तिचा स्वतःचा नंबर आला. पाकीट काउंटरवरच फोडलं गेलं.

काउंटरवर एक फिलिपिनो मुलगी होती. तिनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. बिचारीचा काही दोष नव्हता, आवाजही तिनं फार मोठा केला नव्हता. पण तिथं काचेत माइक असतात.

"मॅम, युअर प्रोफेशन हिअर इज क्लीनर. डिफरंट कंपनी. बट द लेटर सेज युरोप मॅनेजर. विच वन इज करेक्ट?"

मागच्या बाकांवर आमचा सगळा ग्रुप. त्यात एक नीरव नावाचा, आयटीतला, चाळिशीच्या आतला, सतत विनोद करणारा इसम. तो म्हणाला, "काय आपा, युरोप झाडायला चाललात की काय?"

लोक हसले. सगळे नाही. काकू हसल्या नाहीत. पण हसले. मीही, काय करावं ते न कळून, ओठ ताणले. ते माझे ओठ मला अजून दिसतात.

आपा काउंटरकडे तोंड करून उभी होती. दोन्ही तळहात काउंटरवर पालथे. तिनं ते कागद पहिल्यांदा डोळ्यांनी बघितले. मग म्हणाली, "सबमिट, प्लीज." आणि वळून नीरवला म्हणाली, "तुमच्या मुलीचा पासपोर्ट काउंटरवरच राहिलाय. घ्या तो."

बाहेर येऊन तिनं संजयला फोन केला. संजय म्हणाला, टायपिंगवाल्याची चूक असेल, सिस्टिम अपडेट व्हायला वेळ लागतो, टेन्शन घेऊ नका आपा, इन्शाल्ला होईल.

बारा दिवसांनी पासपोर्ट आले. बावीस व्हिसा, एक नकार. नकाराच्या छापील फॉर्मवर चौकटीत खूण केलेली होती, प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. हेतू. त्या बाईच्या हेतूबद्दल कुठल्या तरी वकिलातीतल्या कुणीतरी शंका घेतली. सतरा वर्षं ज्या हेतूवर आमचं आख्खं ऑफिस जेवत होतं, त्या हेतूबद्दल.

दुपारी फहद आला. आपानं त्याला जिन्यात गाठलं. मी दारातच होतो.

"फहद, मेरा प्रोफेशन चेंज का फाईल तुमने कब डाला था?"

"कौनसा फाईल, आपा?"

"संजयभाईने दिया था ना? मार्च में?"

"आपा, कसम से, मुझे किसी ने कुछ नहीं दिया." तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "दिया होता तो हफ्ते में खलास कर देता. इसमें है क्या?"

आपा आत आली आणि सरळ संजयच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं. ती म्हणाली, "भाऊ, फहदला तुम्ही काहीच दिलं नव्हतं."

संजयनं कपाळावर हात मारला. "विसरलो, आपा. आईशप्पथ विसरलो. मार्च क्लोजिंग, ऑडिट, त्यात कुंदाचं ऑपरेशन. माझ्या डोक्यात होतं की दिलंय. माफ करा. हात जोडतो." आणि त्यानं खरोखर हात जोडले. डोळ्यांत पाणी आणलं. "पुढच्या वर्षी मी स्वतः तुम्हाला घेऊन जातो. वचन."

हात जोडलेल्या माणसाला काय बोलणार? ती बाहेर येऊन खुर्चीत बसली. आम्ही सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनमध्ये डोकी खुपसली. त्या दिवशी आमच्यापैकी एकानं, एकानंही, उठून केबिनमध्ये जाऊन दोन शब्द ऐकवले असते तर? नाही ऐकवले. सगळ्यांचे व्हिसा संजयच्या हातात होते. माझाही.

ग्रुपबरोबर कोण जाणार? संजयची मुलगी रिद्धी. वय तेवीस, जन्म इथला, शिक्षण इथलं, पासपोर्टवर युरोपचा व्हिसा आधीपासूनच. वाईट मुलगी नाही. ती आपाच्या टेबलाशी आली, टेबलावरच बसली. "आपा, आय ॲम सो सॉरी यार. बट आय विल जस्ट कॉल यू, ओके? इट्स बेसिकली यू ओन्ली. यू इन माय इअर."

"बूट चांगले घे," आपा म्हणाली. "चपला नको."

घरी यम्नानं, आपाच्या मुलीनं, आरडाओरडा केला. यम्ना आता शारजात एका बँकेत आहे. हे मला यम्नानंच सांगितलं. ती म्हणाली, "मम्मा, जस्ट क्विट. आय विल स्पॉन्सर यू. व्हाय आर यू स्टिल गोइंग देअर?" आपा म्हणाली, "काकूंना शब्द दिलाय. ती म्हातारी माझ्या भरवशावर चाललीय." यम्ना म्हणाली, "अँड हू आर यू रिलाइंग ऑन?" त्यावर आपानं पोळ्या लाटायला घेतल्या.

जुलैत ग्रुप गेला. अथेन्स, नाफ्प्लियो, परत अथेन्सला येऊन बोटीनं नॅक्सॉस. पाचव्या दिवशी नॅक्सॉसहून सांतोरिनीला जायचं होतं. तिथल्या घड्याळात दुपारी दोनच्या सुमाराला आपाचा फोन वाजला. स्पीकरवर रिद्धी, आणि रिद्धीच्या मागे वारा, नुसता वारा.

"आपा! द काउंटर गाय सेज नो बोट. लाइक, नो बोट टुडे! एव्हरीवन इज शाउटिंग ॲट मी!"

"कोणती बोट नाही ते विचार. लहान की मोठी?"

"ही जस्ट सेज विंड!"

"वाऱ्यात फास्ट बोटी बंद करतात. गाड्या नेणारी मोठी बोट निघते, साडेतीनला. ते काउंटर सोड. पाण्याकडे पाठ कर. कोपऱ्यावर नांगराचं चित्र असलेलं तिकिटांचं दुकान दिसतं?"

"आय डोन्ट… या! या, अँकर!"

"तिथं म्हातारा बसतो. फोन त्याच्या हातात दे."

म्हाताऱ्याचा आवाज आला आणि आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या माना वर झाल्या. तो खुशीत ओरडला, "मादाम नूर! दुबई!" आपा त्याच्याशी तिच्या मोडक्या इंग्लिशमध्ये बोलली, त्याच्या नातवाची चौकशी केली, आणि दहा मिनिटांत तेवीस तिकिटं मोठ्या बोटीवर फिरवून घेतली. मग परत रिद्धी. "आता माणसं मोज."

रिद्धीनं मोजली. बावीसच्या जागी एकवीस. काकू नव्हत्या.

बाथरूम शोधायला म्हणून त्या वर जुन्या गावात गेल्या होत्या. आपानं काकूंचा नंबर लावला. पाचव्यांदा लागला.

"नूरजहाँ, मी हरवले गं."

"हरवला नाहीत काकू, वर गेलात. पाय कसे आहेत?"

"पाय आहेत. गुडघे कुठं गेले कळत नाही."

"समोर काय दिसतं?"

"भिंत. पांढरी. सगळ्या मेल्या पांढऱ्याच. यांच्याकडे दुसरा रंग नव्हता का गं?"

"जमिनीकडे बघा. दगडांच्या सांध्यांत चुना भरलाय?"

"भरलाय."

"पायऱ्या कुठल्या हाताला उतरतात?"

"डाव्या. पण मधोमध मांजर बसलंय. काळं. हलत नाही."

"ओलांडा त्याला."

"काळ्या मांजराला?"

"काकू, ते ग्रीसचं मांजर आहे. त्याला आपलं काय ठाऊक?"

काकू तिथं, एजियन समुद्रावरच्या त्या बेटावर, हसल्या. खोकल्या. मग आपानं त्यांना पायरी-पायरीनं उतरवलं. भिंतीला हात लावून चाला. जिथं दोन रस्ते फुटतील तिथं उताराचा धरा, पाऊस पडला तर पाणी जिकडे वाहून जाईल तिकडे. आता कमान येईल, कमानीखाली एक मिनिट बसा, सावली आहे. पाणी प्या. आता वारा तोंडावर येतोय का? आला? मग धक्का आला. वाऱ्याकडे चालत राहा.

तीन वाजून पाच मिनिटांनी रिद्धीचा मेसेज आला, काकू सापडल्या. साडेतीनला बोट सुटली. आपानं हेडफोन गळ्यात उतरवला, तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. एसी चालू असून.

त्या वेळी संजयच्या केबिनबाहेर सप्टेंबरचं बुकिंग करायला आलेलं एक जोडपं बसलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. संजय कधीचा त्यांच्यामागे हाताची घडी घालून उभा होता, क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखा.

"बघितलंत?" तो म्हणाला. "लाइव्ह डेमो! सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

ती बाई खरंच भारावली होती. "आपा, तुम्ही किती वेळा गेलात हो तिकडे?"

आपानं तोंड उघडायच्या आत संजय म्हणाला, "एकदाही नाही!" आणि टाळी द्यायला हात पुढे केला. नवऱ्यानं टाळी दिली. "हीच तर गंमत आहे साहेब. एकदाही नाही. आणि मी जाऊ देणारही नाही. त्या तिकडे गेल्या तर इथून सांभाळणार कोण? यंदा हट्टच धरून बसल्या होत्या. काय काय करून थांबवलं मी, माझं मला ठाऊक!"

जोडपं हसलं. हसणं अर्ध्यावर विरलं, कारण ऑफिसात दुसरं कुणीच हसलं नव्हतं.

संजयला आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा बदलला, म्हणजे आधी गोडवा गेला आणि मग घाईघाईनं परत आला. "आपा, म्हणजे… मजेत म्हणालो हो. तुम्ही म्हणजे इथला कणा. तुमच्याशिवाय हे ऑफिस म्हणजे…"

आपा त्याच्याकडे बघत होती. मी तिला सतरा वर्षांत अनेकांकडे बघताना पाहिलं होतं, पण ही नजर मी काउंटरवरच्या त्या दोन कागदांवर सोडून दुसऱ्या कशावर पाहिली नव्हती. ती वाचत होती. बारा वर्षं बंद ठेवलेलं पाकीट वाचत होती, पहिल्या ओळीपासून. गाडी, मयत, मोठी बहीण, पुढचं रिन्युअल, जोडलेले हात. सगळं वाचून होईपर्यंत तिनं डोळे हलवले नाहीत.

"चहा सांगू, आपा?" संजय म्हणाला. मग माझ्याकडे वळून, चिडून, "अरे बघतोस काय, आपांना चहा सांग!"

मी उठलो नाही. एवढं एक केलं. फार नाही, इतक्या वर्षांत एवढं एकच केलं.

आपानं गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला पायानं शोधल्या, आधी उजवी, मग डावी. दुपट्टा सारखा केला. पर्स खांद्याला लावली. तेवढ्यात फोन वाजायला लागला, पडद्यावर नाव, रिद्धी. बोटीतून करत असणार. उतरल्यावर बस कुठं उभी असते ते विचारायला.

"आपा, फोन," संजय म्हणाला. आवाज आता अगदी हळू होता. "आपा, लोक अडकलेत तिथं. निदान तेवढा फोन तरी…"

ती त्याच्या अंगावरून गेली, त्या जोडप्याच्या मधून गेली, भिंतीवरच्या निळ्या समुद्राच्या कडेकडेनं दारापर्यंत गेली. फोन वाजत होता. तिनं दार ओढलं आणि एक शब्दही न बोलता जिना उतरायला लागली.